आधी सांधा, मग सिग्नल

नीरजाने प्रोग्रॅममधली दुरुस्ती शुक्रवारी दुपारी पाठवली. आधी बडोद्याजवळच्या छाणीला जाऊन गोविंदकाकांना सांगायचं आणि मगच पाठवायची, असं तिने ठरवलं होतं. पण ग्राहकाचे सर्व्हर पुन्हा चुकीचे आकडे दाखवू लागले आणि थांबणं शक्य राहिलं नाही. काकांकडे ती रविवारी जायची. दोन दिवसांनी काय बिघडणार होतं, असा तिने विचार केला.

दुरुस्ती पाठवताना मूळ चूक कोणाच्या कामातली, हे नोंदवायची पद्धत आहे. त्या नोंदीवाचून दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांपर्यंत पोचत नाही. नीरजाने ती ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. काम दिग्विजय निकमचं होतं. पाठवणारा प्रोग्रॅम मूळ लेखकाचा पत्ता शोधून त्यालाही आपोआप प्रत धाडतो, हे मात्र त्या घाईत ती विसरली.

दिग्विजयला जाऊन दोन वर्षं झाली होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला तो परत आला नाही. त्याचं आणि नीरजाचं लग्न ठरलं होतं. बडोद्यातल्या एका छोट्या कंपनीत दोघं शेजारी बसत. त्याच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, त्याचा फोन आणि मेल दोन्ही चालू ठेवले होते. सकाळी चहा झाला की ते त्याचे मेल वाचत. बहुतेक मेल इंग्रजीतले, कामाचे. त्यांना त्यातलं फारसं कळत नसे.

एकदा नीरजाने त्यांना इंटरनेटवरचं एक पान दाखवलं होतं. दिग्विजयने लिहिलेला प्रोग्रॅम तिथे कोणालाही पाहता येतो आणि प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. गोविंदरावांनी ओळींवरून बोट फिरवलं. या ओळी अजून चालतात का, असं त्यांनी विचारलं होतं. चालतात, ती म्हणाली होती, जगभर, रोज. तेव्हापासून सोसायटीत कोणी विषय काढला की ते सांगत, दिगूचं काम चालू आहे, एकदाही अडलेलं नाही. मुलाचं त्यांच्यापाशी एवढंच उरलं होतं.

रविवारी ती खंडेराव मार्केटातून पापडी घेऊन गेली. दार दिग्विजयच्या आईने, मंदाकाकूंनी उघडलं.

"ये. शुक्रवारपासून यांनी तो फोन खाली ठेवलेला नाही. रेल्वेची केबिन सुटून इतकी वर्षं झाली, पण ड्यूटी काही सुटत नाही या माणसाची."

गोविंदराव खिडकीशी बसले होते. समोर शेव-उसळ गार होत होती. त्यांनी फोन पुढे केला.

"यात दिगूचं नाव आहे. आणि 'फिक्स' लिहिलंय. त्याच्या कामात?"

मेलच्या खाली तिचं नाव होतं. तो इथवर पोचलाय हे तिला तेव्हा कळलं. नेहमीची सुधारणा आहे, असं सांगता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं. पण त्यांनी फोन तसाच धरून ठेवला होता, म्हणून ती खाली बसली आणि जसं दिग्विजयने कधीकाळी तिला रेल्वेच्या उदाहरणाने समजावलं होतं तसंच तिने सांगितलं.

गोविंदराव भुसावळला रेल्वेत लागले आणि इथल्या यार्डातल्या सिग्नल केबिनमध्ये निवृत्त झाले. आधी रुळांचा सांधा वळवायचा, त्याला कुलूप घालायचं, मग सिग्नल पाडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी. दिग्विजयचा प्रोग्रॅम अशा नेटवर्क कार्डासाठी होता, जे खरं नसतंच. एका मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरने उभं केलेलं दुसरं मशीन, त्याचं ते कार्ड. आतला आणि बाहेरचा प्रोग्रॅम, दोघांच्या सामाईक मेमरीत एकाने माल, म्हणजे माहिती, ठेवायचा आणि मग 'तयार आहे' अशी खूण करायची. खूण दिसली की दुसऱ्याने तो माल उचलायचा. पण काही प्रोसेसर वेगासाठी कामांचा क्रम बदलतात. खूण आधी पोचते, माल मागून. मग दुसरा त्या जागी पडलेला जुनाच माल उचलून नेतो. ते होऊ नये म्हणून दोन्हींच्या मध्ये एक ओळ लिहायची असते. तिला बॅरिअर म्हणतात. वरचं सगळं पुरं झाल्याशिवाय खालचं करू नकोस, एवढंच ती सांगते.

"आमच्याकडे लिव्हर हलायचाच नाही," गोविंदराव म्हणाले. "कुलूप बसल्याशिवाय कितीही ओढ."

"इथे ते कुलूप आपणच लिहायचं असतं, काका. ते राहिलं."

मग इतके दिवस कसं चाललं, असं त्यांनी विचारलं. ऑफिसातली जुन्या धाटणीची मशीनं अशा वेळी क्रम आपणच पाळतात, ती म्हणाली. त्याने त्यांच्यावरच तपासलं होतं. दुसरी तेव्हा नव्हतीच. ग्राहकाने आता नवी घेतली.

"म्हणजे त्याची चूक नाही."

तिला हो म्हणावंसं वाटलं.

"चूक आहे, काका. दिसली आत्ता."

कोणाला काही झालं का, त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली, काही पडद्यांवर जुने आकडे आले, एवढंच. त्यांनी मान हलवली.

"शाळेत होता तेव्हा केबिनमध्ये यायचा. आधी सांधा, मग कुलूप, मग सिग्नल. पाठ करून घेतलं होतं मी." मग काकूंकडे न बघता म्हणाले, "ही उसळ उचल गं."

सोमवारी ऑफिसात तिने आलेले मेल पाहिले, तर सगळ्यात वर ठळक अक्षरांत नाव होतं, दिग्विजय निकम. तिने तो उघडला. आत इंग्रजीत दोन वाक्यं होती. चूक मान्य आहे. कृपया ओळ घालावी. खाली दिग्विजयचं नाव.

रेल्वेत काही घडलं की केबिनवाल्याला स्वतःचा जबाब स्वतः लिहून द्यावा लागे. त्याशिवाय चौकशी मिटत नसे. काकांनी ते तिला पूर्वी सांगितलं होतं.

दुपारपर्यंत त्यावर उत्तर आलं. प्रोग्रॅमचा तो भाग सांभाळणारा, दूर फिनलंडमधला, दिग्विजयला कधीच न भेटलेला माणूस. आभार, दिग्विजय, त्याने लिहिलं होतं, फार दिवसांनी तुझं नाव पाहून बरं वाटलं. माल आत घेण्याच्या बाजूलाही मला शंका येते आहे. ते लिहिताना तुझ्या मनात काय होतं?

फोन वाजला.

"नीरजा, तो विचारतोय दिगूच्या मनात काय होतं." गोविंदराव थांबले. "काय लिहू?"

"मी कळवते त्यांना, काका."

"त्याने दिगूचे आभार मानलेत. तुझ्या काकूला वाचून दाखवलं मी."

पलीकडे काकू नळ बंद करत होत्या.

"नको," ते म्हणाले. "मीच लिहितो. मागे कोणी नसताना दिगूच्या नावाने सिग्नल मी पाडला."

त्यांनी तिला फोनवर थांबायला सांगितलं आणि एकेक शब्द विचारत लिहायला घेतलं. 'एक्स्पायर्ड' चालेल ना? चालेल, ती म्हणाली.

"त्याच्या ओळी काढून टाकतील?"

"नाही काका. त्याच्या तशाच राहतील. मधे एक माझी येईल."

"तुझं नाव त्याच्या नावाला लागून?"

"हो."

"बराबर," गोविंदराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

थोड्या वेळाने तिच्या पडद्यावर दिग्विजय निकमचा मेल आला. दिग्विजय आता नाही, असं त्यात लिहिलं होतं.