किल्ल्या परत देणारी

मित्रांनो, मी एक जुनी सेवा आहे. फोटो स्टुडिओच्या संगणकात पडद्याआड राबणारा प्रोग्रॅम. मला कोणी पाहत नाही, पण गिऱ्हाइकाने घरून पाठवलेला प्रत्येक फोटो मीच दारात उतरवून घेते. मी नसते तर सगळे खोळंबले असते, हे आपले सांगून ठेवते.

मला लिहिले स्टुडिओच्या सूनबाईने. संगणक सुरू झाला की माझ्या हाती सगळ्या किल्ल्या येतात, म्हणजे सगळे अधिकार. बाहेरचे दार उघडायला तेवढे लागतात. दार उघडले की किल्ल्या परत. मग उरतो आलेले फोटो ठेवायचा एक ट्रे.

सासूबाईंना हे पटेना. स्टुडिओच्या साऱ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. "दिवसभर राबणारीला नुसता ट्रे? मग तिचा मान काय राहिला?"

"मान आहे हो, आई. पण ती दारात बसते. कोण काय हातात देईल, सांगता येतं का? आत चाळीस वर्षांचे फोटो आहेत."

पहिल्या दिवशी किल्ल्या देऊन झाल्यावर सूनबाईने माझी परीक्षा घेतली. जुन्या फोटोंचे कपाट उघडायला सांगितले. मी उघडले की. वाटले, शाबासकी मिळेल. तिने कपाळाला हात लावला. माझ्या स्वतःच्या किल्ल्या आधी काढल्यामुळे घरच्या गटाची, म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून दिलेली, किल्ली माझ्याकडेच राहिली होती. ती परत द्यायचाही अधिकार उरला नव्हता. तिने क्रम फिरवला: आधी गटाची, मग माझी. या खेपेला कपाट उघडेना, आणि टाळ्या वाजल्या. नापास होऊन कौतुक झालेली दुसरी कोणी दाखवा मला.

पुढे एका सकाळी बाळाचा फोटो म्हणून एक पुडके आले. पोटात हुकूम दडवलेला: सगळे पुसून टाक. मी पडले आज्ञाधारक, निघाले. पहिले कपाट बंद. दुसरे बंद. लग्नांचे, शाळांचे, सगळे बंद. पुसता आला तो माझाच ट्रे. त्यात पासपोर्टचे दोन फोटो. गिऱ्हाईक म्हणाले, "बरं झालं, डोळे मिटलेलेच आले होते," आणि नवे पाठवले. हुकूम ज्या फटीतून आत शिरला, ती सूनबाईने बुजवली.

सासूबाईंनी पडद्यावर पाहिले, चाळीस वर्षांचे फोटो जागच्या जागी होते. मग कमरेचा जुडगा सोडून त्यांनी सुनेच्या टेबलावर ठेवला.

"चहाच्या कपाटाची तेवढी राहू दे माझ्याकडे. कंबर कशी हलकी झाली बघ."

मित्रांनो, मीही रोज सकाळी अशीच हलकी होते. तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी राबत असेल, तर तिला कामापुरतीच किल्ली द्या आणि बाकीच्या खरेच परत आल्या का, ते तपासा. कपाट उघडले नाही, तर टाळ्या वाजवायला विसरू नका.