बिनसाखरेची सुकेळी

उमेळ्याच्या बर्थाने साखरेशी उभा दावा मांडला होता. नवऱ्याला, प्लासिडला, मधुमेह निघाला आणि पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी बजावलं, "साखर बंद. डब्यातलं खाल तर आधी वरचं वाचा, साखर कुठेही लपलेली असते. नाहीतर पाय जाईल."

बर्था शिकलेली दुसरीपर्यंत, तीही मराठी. पण शेजारच्या आग्नेसबाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्याकडून तिने इंग्रजी 'शुगर'ची अक्षरं गिरवून घेतली आणि मुलगा मार्सेल मस्कतहून पाठवायचा तो एकेक डबा डोळ्यांत तेल घालून तपासला. बिस्किटं गेली, जॅम गेला, नाताळचा केकसुद्धा तिने शेजारीपाजारी वाटून टाकला. प्लासिड कुरकुरला, तर म्हणाली, "पाय पायजे का केक?"

पण आजारी माणसाच्या अंगात ताकद नको? त्यासाठी घरची सुकेळी होती. वाडीतली राजेळी केळी पिकवायची, सोलायची, तांबूस होईस्तोवर उन्हात सुकवायची आणि केळीच्याच वाळल्या पानात बांधायची, ही सासूपासूनची रीत. त्यात साखरेचा कणही पडत नाही, हे बर्थाइतकं कोणाला ठाऊक? गोड लागतात ती देवाची करणी. साखर दुकानात मिळते. रोज समोर बसून ती त्याला सुकेळी भरवायची.

अंगठा काळा पडला. शेवटी इस्पितळात पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देत होता? बर्थाने अभिमानानेच सांगितलं.

"बाई, केळ्यात साखर असतेच. पाणी सुकलं की तीच उरते."

बर्थाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

घरी आल्यावर प्लासिड म्हणाला, "एक सुकेळं दे गो. तेवढं तरी चालतं."

संपली म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तिच्याने खोटं बोलवेना. ती खाटेच्या कडेला बसली, चादर जिथे सपाट पडली होती तिथे हात ठेवला आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. "माज्याच हातानं गेला तुमचा पाय."

प्लासिड दचकून तिच्याकडे वळला.

"म तू पन खाल्लीस ना गो माज्यासंगती? उद्याच रगत तपासून घे तुजं."

बर्थाने पदर तोंडाला लावला.

"मी कुठं खाल्ली?" ती म्हणाली. "एक पन नाय. सगळी तुमालाच ठेवली."