सायलेन्सरमधलं पाणी

एकतीस वर्षं झाली गाड्यांखाली झोपून. कंबरेनं केव्हाच हात टेकले, माझे अजून टेकायचे आहेत. त्या सकाळी सायलेन्सर नुसता दाबून पाहिला, तर तळ फुटला आणि गारढोण गंजकं पाणी थेट डोळ्यात. एक सणसणीत शिवी हासडली मी.

"गेली ना गाडी?" बाहेरून युनिसबाईंचा आवाज आला. वय एकोणऐंशी. नवरा, अलिस्टर, वृद्धाश्रमात. गाडीनं दोन मिनिटं, पण गुडघे गेल्यामुळे बाईंना पायी जमत नाही. "या खेपेला तपासणीत नापास झाली तर मुलगा विकून टाकणार आहे. मग मी त्यांच्याकडे रोज जाऊ कशी गं पोरी?"

मी अठ्ठावन्नची, तरी पोरी!

सायलेन्सरच्या तळाला पाणी निथळायला एक बारीक भोक असतं. ते च्युइंगमनं बुजवलेलं.

"हा उद्योग कुणाचा?"

"माझाच," त्या ओशाळल्या. "खाली थारोळं बघून मुलगा म्हणाला, गाडी गळायला लागली. त्याला दिसू नये म्हणून..."

"अहो, पेट्रोल जळलं की वाफ होणारच! गार नळीत तिचं पाणी होतं. नळी चांगली तापली की तेही उडून जातं. तुमची दोन मिनिटांत कसली तापतेय? च्युइंगमसुद्धा वितळलं नाही!" ओरडायचाही कंटाळा आला होता, तरी ओरडले. नवा सायलेन्सर बसवून गाडी पास केली. "आठवड्यातून एकदा सलग चालवा. रिव्हर्टनच्या समुद्रापर्यंत, अर्धा तास. त्यांनाही न्या."

"ते दर पाच मिनिटांनी विचारतात, कुठे चाललोय."

"मग सहा वेळा सांगा. तेवढ्यात नळी कोरडी."

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला आल्या. सायलेन्सर ठोकला, खणखणीत! भोक मोकळं, गंजाचा पत्ता नाही. फार दिवसांनी काहीतरी धड झालेलं बघून मला बरं वाटलं.

"शाब्बास! दोघं मस्त फिरताय वाटतं."

"ते जूनमध्ये गेले गं."

मी हात पुसत राहिले.

"मुलगा म्हणतो, आता कशाला हवी गाडी?" त्या म्हणाल्या. "पण मी दर रविवारी जाते. पाच मिनिटं झाली की मोठ्यानं मीच विचारते, कुठे चाललोय? सहा वेळा विचारते. मग समुद्र येतो."

मी गाडी पास झाल्याची नवी चिठ्ठी काचेवर चिकटवली.