पिस्टनवरची कणीक

इंजिन दिसलं की सोपानच्या हाताला खाज सुटायची. भवानीनगरच्या रस्त्यावर त्याचं मोपेड दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत संसार. हत्यारांना तो कुणाला हात लावू द्यायचा नाही, बायकोला तर मुळीच नाही. पण गेली दोन वर्षं त्याचा जीव अडकला होता मोहनरावांच्या वखारीतल्या पेट्रोलवर चालणाऱ्या चेनच्या करवतीत. परदेशी मशीन, पण जुन्या बाभळीत घातलं की मध्येच गुदमरून बंद पडायचं.

शेवटी मोहनराव वैतागले. "सोपाना, घेऊन जा. गुरुवारी तीनला बाभळीचा ओंडका घेऊन येतो. मधी न थांबता कापलास तर मशीन तुझं. थांबलं तर भंगारात घालतो!"

झालं! चार दिवस मोपेडवाले दाराशी येऊन शिव्या घालून गेले, ह्याला पत्ताच नाही. धूर बाहेर पडतो ते सिलिंडरचं भोक त्यानं गोल कानशीनं घासून रुंद केलं. सिलिंडरखालचं जाड पॅकिंग काढून लग्नपत्रिकेच्या कागदाचं पातळ पॅकिंग बसवलं. सिलिंडर खाली बसलं की वरची जागा कमी, दाब जास्त, ताकद जास्त. मात्र फारच खाली बसलं तर पिस्टन वर आपटणार. फट किती उरली ते मोजायला त्यानं परातीतली चिमूटभर कणीक पिस्टनच्या माथ्यावर ठेवली, सिलिंडर बसवलं, इंजिन हातानं एकदा फिरवलं आणि पुन्हा खोललं. दबलेली कणीक तीन पोस्टकार्डांएवढी जाड, दोनाएवढीही पुरली असती! गडी स्वतःवरच खूष झाला.

गुरुवारी दोन वाजता त्यानं दोरी ओढली. काय आवाज निघाला! पण त्या आवाजात एक बारीक टक-टक होती. त्यानं घाईनं बंद केलं, खोललं. पिस्टनच्या माथ्यावर चकचकीत ठोका उमटला होता. तासाभरात मोहनराव येणार होते.

"मुक्ता! कणकेनं फसवलं बघ मला. जागा दाखवली, अन् जागाच न्हाय!"

मुक्ताबाई पदराला हात पुसत बाहेर आली. परातीतल्या कणकेचा गोळा तिनं त्याच्यासमोर धरला, बोटानं दाबला, सोडला आणि हसायलाच लागली.

"अहो, ही गव्हाची हाय. दाबली की परत फुगती. चपाती लाटताना कशी आखडती, कधी बघितलं न्हाय व्हय? ज्वारीचं पीठ घ्या. दाबंल तसं राहतं."

बारा वर्षं ही बाई डोळ्यासमोर भाकरी थापत होती आणि आपण नुसत्या खात होतो, ह्याची सोपानला मनापासून लाज वाटली. तिनं गरम पाण्यात मूठभर पीठ मळून दिलं. ह्या खेपेला चकती निघाली कागदासारखी पातळ. म्हणजे आणखी एक पॅकिंग हवं होतं. मुक्ताबाईनं ट्रंक उघडली.

"माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका हाय. नीट कातरा."

पत्रिका कातरली, पॅकिंग बसलं, पुन्हा ज्वारीचं पीठ दाबलं. दोन पोस्टकार्डं! शेवटचा बोल्ट आवळतोय तोवर मोहनरावांचा ट्रॅक्टर दारात.

करवत ओंडक्यात शिरली तशी भुशाची पिचकारी सोपानच्या पायावर उडू लागली. टक-टक कुठंच नव्हती. मधल्या काळ्या गाभ्यापाशी मात्र आवाज खाली बसला. मोहनराव पुढं झाले. दाराशी मुक्ताबाईनं डोळे मिटले. मशीननं एकदा घोगरा सूर काढला, मग पुन्हा वर उसळलं, आणि ओंडक्याचे दोन तुकडे धाडकन जमिनीवर पडले.

"आरं तिच्या!" मोहनराव ओरडले. "तुझं झालं रं मशीन! पर कुणा इंजिनेराला दाखवलंस?"

"व्हय," सोपान म्हणाला. "घरातच हाय."

त्याला हसू आवरेना. मशीन बंद करून तो तसाच दारापाशी गेला आणि पिठाच्या हातांनी उभ्या असलेल्या बायकोपुढं त्यानं करवतीची मूठ धरली.

"घट्ट धर," तो म्हणाला. "दोरी जोरात ओढ."