किल्लेदाराची पाळी

"किल्लेदार, तुमचं गाव उपाशी मरते हाय, बगा," असं म्हणत वामन तामोरे खुर्चीतून उठला आणि रिकामा डबा त्याने पिशवीत टाकला. दुपारचे तीन वाजले होते. सकाळची पाळी संपली होती आणि काटाघर आता आनंदा मुळीकच्या ताब्यात होतं.

काटाघर म्हणजे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्याची फाटकाजवळची खोली. ट्रक काट्यावर चढायचा, वजन व्हायचं, पावती निघायची. शहाण्णव साली तिथे कॉम्प्युटर आला आणि तो बसवायला आलेला वापीचा माणूस जाता जाता त्यात एक खेळ ठेवून गेला. राज्याराज्यांचा खेळ होता तो. नकाशाचे चौकोन, त्यांवर गावं, शिपाई, होड्या. दोघांनी आळीपाळीने चाल करायची. एकाची चाल संपली की पडदा काळा व्हायचा आणि त्यावर दुसऱ्याचं नाव उमटायचं : आता याची पाळी. कारखान्यातही पाळ्या आणि खेळातही पाळ्या! दोघांना ते भलतंच सोयीचं झालं. वामनने सकाळी गाड्या नसताना एक चाल करायची, आनंदाने तिनाच्या पुढे एक. दिवसाला इतकंच. गणपती गेले, दिवाळी गेली, लढाई चालूच होती.

पहिल्या दिवशी खेळाने नावं विचारली तेव्हा वामनने आपलं नाव ठोकून दिलं. आनंदाने मात्र 'किल्लेदार' असं लिहिलं. "नाव कशाला घालायचं? उद्या कुणी बघितलं म्हंजे?"

हा आनंदाचा स्वभाव. दुधाने त्याचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकूनच प्यायचा. विट्याकडून बोईसरला आल्याला एकोणीस वर्षं झाली. त्यात एक लेट मार्क नाही, एक मेमो नाही. युनियनच्या मोर्चात तो मागून चौथ्या रांगेत असायचा आणि मॅनेजरच्या निरोप समारंभातही मागून चौथ्याच. बढतीची संधी दोनदा आली, दोनदा त्याने ती सोडली. वर चढलेला माणूस लांबून दिसतो, असं त्याचं म्हणणं.

खेळातही तो तसाच खेळे. एकच गाव वसवलं, त्याला चहूकडून तटबंदी केली. 'एफ' दाबलं की शिपाई जागच्या जागी खंदक खणून बसतो, मग तो दुपटीने भारी पडतो, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं आणि त्याने सगळ्यांना बसवून टाकलं. बसलेला शिपाई पुढे काही विचारत नाही. त्यामुळे आनंदाची चाल दोन मिनिटांत संपायची.

"उपाशी कसं मरंल?" तो आता म्हणाला. "तट तर शाबूत हाय."

"तट चांगलाच हाय. मी कशाला त्याच्यावर डोकं आपटू? पन तुमची शेतं कुटं हायत? भायेर. मी तितंच जाऊन बसलो. खाडीच्या तोंडाला माझी होडी. दहाची वस्ती होती, आता सहा रायली."

आनंदाने पडद्यावर पाहिलं. खरंच सहा. इतके दिवस तो फक्त तटाकडे बघत आला होता.

"मग काय करू म्हंतोस?"

"एक मानूस भायेर काडा. त्या टेकडीवर चौकी बांदा. शेतं मोकळी होतील."

"आणि तो पडला तर?"

"तर पडंल!" वामन खाडीकाठच्या मुरब्याचा, मासेमारांच्या घरातला; त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "आमच्यात रोज मानसं भायेर जातात, आनंदाभाऊ. घरात बसून म्हावरं येते काय?"

शत्रूच असा सल्ला देतो म्हणजे यात डाव असणार, असं आनंदाला वाटलं. पण संध्याकाळी सातच्या सुमाराला, गाड्या थांबल्यावर, त्याने एका शिपायाला उठवलं आणि टेकडीवर धाडलं. चौकी चार दिवस टिकली, पाचव्या दिवशी पडली. तेवढ्यात शेतं मोकळी झाली आणि वस्ती सहाची सात झाली. त्या दिवशी घरी जेवताना तो म्हणाला, "आज माझा एक माणूस गेला."

त्याच्या बायकोची, राहीबाईची, भाकरी तव्यावरच राहिली. "अवं, कोण? कुणाच्या घरचा?"

खेळातला, असं त्याने सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. पण आनंदाला मात्र त्या शिपायाचं खरोखर वाईट वाटत होतं.

जानेवारीत कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर तपासायला माणूस आला. काटाघरातला खेळ त्याने उघडला आणि पडद्यावर ठळक उमटलं : वामनची पाळी. समोर प्रतिस्पर्ध्याचं नाव, किल्लेदार. कामाच्या वेळेत कंपनीच्या यंत्रावर खेळ म्हणजे गंभीर गैरवर्तन, असं नव्या नियमात होतं.

कार्मिक विभागाच्या राजाध्यक्ष साहेबांनी आधी आनंदाला बोलावलं. "मुळीक, हा किल्लेदार कोण?"

"कल्पना नाही, साहेब."

उत्तर इतक्या सहज निघालं, की एकोणीस वर्षं ते जिभेच्या टोकावरच बसून असावं. नंतर वामन आत गेला. बाहेर आला तेव्हा ऑफिसच्या शिपायाकडून कळलं ते इतकंच, की तो म्हणाला, "दोनी बाजूंनी मीच खेळायचो." त्याला निलंबित केलं. चौकशी व्हायची होती, पण नोकरी जाणार हे फाटकावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

आनंदाला जेवण जाईना. रविवारी तो एसटी धरून मुरब्याला गेला. वामन दारात बसला होता. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. त्याची बायको नलू चहा घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुमी कशाला आलात? कोनी बगितलं तर?" वामन हसत म्हणाला.

"तू माझं नाव का न्हाई सांगितलंस?"

"दोघं बुडून काय भेटनार? माजी होडी हाय, भाऊ हायत. तुमाला इतं कोन हाय? तुमी आतच बसा. एफ दाबा नि गप रावा."

आनंदाला ते हसू सोसवेना. तेवढ्यात नलू म्हणाली, "होडीवर हे उलट्या करतात. खाडी वलांडली का आडवे! भाऊ नेत नाय यांना. म्हनून तर नोकरी धरलेली."

वामनने तिच्याकडे डोळे वटारले, पण ते खोटं आहे असं काही म्हणाला नाही. निघताना नलूने राहीबाईसाठी सुके बोंबील कागदात बांधून दिले. आनंदाला ते घ्यायची लाज वाटली आणि नको म्हणायचीही.

दुसऱ्या दिवशी तीनला पाळीवर हजर होऊन तो काटाघरात न थांबता सरळ राजाध्यक्षांच्या खोलीत गेला.

"साहेब, किल्लेदार मी आहे."

राजाध्यक्षांनी वर पाहिलं आणि ते मनापासून हसले. "मुळीक, माणूस चांगले आहात तुम्ही. पण मित्राला वाचवायला खोटं कशाला बोलता? तुमची फाइल बघितलीय मी, धुतल्या तांदळासारखी आहे. तुम्ही आणि खेळ! जा, काट्यावर गाडी चढलेली दिसतेय."

आनंदा तसाच उभा राहिला. माराला, बोलण्यांना, सगळ्याला तो तयार होऊन आला होता. या हसण्याला नव्हता. जन्मभर बांधलेला तट इतका पक्का निघाला होता, की आतून हाक मारली तरी बाहेर कुणाला ऐकू जात नव्हती.

बाहेर हॉर्न वाजला.

"रोज तिनानंतरची चाल माझी, साहेब. वामन सकाळी खेळायचा, मी दुपारी. तपासणीवाल्यांना विचारा, चाली कुठल्या वेळेच्या आहेत ते यंत्रात असंल. कागद द्या, लिहून देतो."

राजाध्यक्षांचं हसू थांबलं. "याचा परिणाम काय होईल, माहीत आहे?"

"माहीत आहे म्हणून तर इतके दिवस लागले."

साहेबांनी खणातून कोरा कागद काढून पुढे सरकवला. बसा म्हणाले, पण आनंदा उभ्यानेच टेबलावर वाकला. बाहेर ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला, या वेळी लांबलचक.

"थांबू दे त्याला, साहेब," आनंदा म्हणाला आणि पहिल्या ओळीवर त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.