वाकड्या नाकाचा ठसा

मित्रांनो, वीतभर रुंद, नासपतीच्या लाकडाचा, एका कोपऱ्यात कीड लागलेला असा मी एक जुना छपाईचा ठसा आहे. माझ्यावर एक माणूस कोरलेला आहे. टोकदार टोपी, घुबडासारखे डोळे आणि हनुवटीपर्यंत खाली वळलेलं नाक. तो विहिरीवर वाकून तिच्यात पुडी सोडतो आहे. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला माझी कीव यावी, अशी माझी अपेक्षा नाही. तरी ती ऐका.

मला कोरलं जोब्स्ट नावाच्या कारागिराने. माइन नदीकाठच्या एका लहानशा गावात, चारशे वर्षांपूर्वी. जोब्स्टचा हात फार सुरेख होता. त्याने कोरलेल्या द्राक्षवेलीवर पाखरू येऊन बसेल, असं लोक म्हणत. तो उन्हाळा कोरडा गेला होता. नदी आटली, विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला आणि गावात ताप शिरला. लहान मुलं पटापट जाऊ लागली. वरच्या अंगाला चांभार कातडी धूत, ते पाणी कुठे झिरपतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण चांभारांच्या वाटेला कोण जाणार? त्यांची माणसं गावाच्या पंचांत बसत.

अशात हार्टविग छापखानेवाला जोब्स्टकडे आला.

"जत्रेला एक कागद काढतोय," तो म्हणाला. "ज्यू विहिरीत विष टाकतोय असं चित्र हवं. आठ दिवसांत."

"कोणता ज्यू, मालक? आपल्या गावात तर अकराच घरं आहेत. सगळे ओळखीचे."

"ओळखीचा काढलास तर विकत कोण घेईल? वाकडं नाक काढ. हे घे, यावरून उतरव." असं म्हणून त्याने एक पिवळा पडलेला जुना कागद टेबलावर टाकला.

जोब्स्टने होकारार्थी मान हलवली. घरात पीठ संपत आलं होतं.

माझं नाक कोरून झालं त्याच दिवशी गुम्पेल घरी आला. हा गुम्पेल खिडक्यांना काचा बसवायचा. अंगरख्यावर ज्यूंची पिवळी खूण शिवलेली, लालसर दाढी, चेहराभर वांग आणि नाक बटाट्यासारखं बसकं. सगळ्या गावाच्या घरांत त्याचं येणं-जाणं होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्याची धाकटी मुलगी याच तापाने गेली होती. तरी जोब्स्टची फुटलेली काच बसवायला तो आला होता, कारण शब्द दिला होता.

मला पाहून तो थांबला.

"हा कोण रे? तुझा सासरा का?"

जोब्स्ट हसला नाही. गुम्पेलने मला जवळ घेऊन नीट पाहिलं.

"टोपी आमची दिसते. नाक कुठून आणलंस?"

"जुन्या चित्रातून."

"आणि त्या चित्रवाल्याने?"

"मला काय ठाऊक? त्याच्याआधीच्या कुणाकडून तरी घेतलं असेल."

"म्हणजे प्रत्यक्ष कुणीच पाहिलेलं नाही." गुम्पेलने मला खाली ठेवलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "जोब्स्ट, लाकडाला अजून शाई लागलेली नाही. तासून टाक."

"पोटाचा प्रश्न आहे, गुम्पेल. जत्रेचा कागद तो, चार दिवसांत लोक त्यात मासे बांधतील. तू कशाला मनावर घेतोस?"

गुम्पेलने काच बसवली, कडा बोटाने पुसल्या आणि तो निघून गेला.

जत्रेत हार्टविगने आपली मांडणी चौकातल्या विहिरीलगतच केली. माझ्यावर शाईचा बोळा फिरे, वर कागद बसे, दाब पडे, की झाला एक वाकडा माणूस तयार. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही मी कळत होतो. दुपारपर्यंत चौक भरून गेला. कालपर्यंत जे नुसते रडत होते, त्यांच्या हातात आता कागद होता.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "तो बघा एक!"

गुम्पेल पाठीवर काचांची चौकट घेऊन चौक ओलांडत होता. लोकांनी त्याला घेरलं. चौकट आपटली, काचांचा चुरा झाला. पाव विकणारी वाल्बुर्गा आजी गर्दीत घुसली. "अरे, हा गुम्पेल आहे! चित्रातला हा नव्हेच. नाक तर बघा त्याचं!"

"नाक लपवतात ते, आजी," एक जण म्हणाला. आणि लोकांना ते पटलं. मित्रांनो, मी तुम्हाला शपथेवर सांगतो, ते पटलं.

गुम्पेल म्हणाला, "माझीही मुलगी गेली. हेच पाणी पिऊन गेली." मग त्याने स्वतः बादली ओढली, सगळ्यांसमोर ओंजळीने पाणी प्यायला आणि दाढी पुसून उभा राहिला. "आता बघा, मला काय होतं ते."

मला वाटलं, सुटला बिचारा.

"काही झालं नाही त्याला!" मागून आवाज आला. "उतारा घेऊन आलाय!"

जोब्स्ट माझ्यापासून चार हातांवर उभा होता. तो जागचा हलला नाही. पहिला दगड कुणी मारला ते मला दिसलं नाही, शेवटचा दिसला. सूर्य अजून चर्चच्या मनोऱ्यावर होता. त्याच आठवड्यात अकराही घरं रिकामी करवली गेली. रेखले नावाची गुम्पेलची बायको उरलेल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला नीट पुरूही न शकता, रस्त्याला लागली. ताप मात्र पुढे दोन महिने गावातच राहिला.

नंतर जोब्स्ट छापखान्यात आला आणि पटाशी घेऊन माझ्या तोंडावर घाव घालू लागला. हार्टविगने त्याचा हात धरला. "शुद्धीवर आहेस का? अजून तीनशे कागदांची मागणी आहे!" माझ्या गालावर तेवढा एक ओरखडा राहिला. जोब्स्टने पुन्हा कोरणी हातात धरली नाही. लोकांच्या मळ्यांत द्राक्षं तोडून त्याने उरलेले दिवस काढले.

मला मात्र काम कमी पडलं नाही. पीक बुडालं, युद्धात हार झाली, एखादं मूल हरवलं, की मला काढत. खालचा मजकूर बदलायचा, तोंड तेच. माझ्यावरून दुसरे ठसे कोरले गेले. कुणी टोपीऐवजी उंच हॅट चढवली, कुणी पुडीऐवजी हातात पृथ्वीचा गोल दिला. नव्वदेक वर्षांपूर्वी तर माझी नक्कल वर्तमानपत्रांत आली, भिंतींवर आली, मुलांच्या पुस्तकांत आली. मुलं वर्गात बोट दाखवून शिकली, की ज्यू असा ओळखायचा. मग ज्यूंना मालगाड्यांत कोंबून नेलं. त्यांत बसक्या नाकाचे होते, सरळ नाकाचे होते, अजून दात न आलेले होते. साठ लाख माणसं मारली गेली. सगळं मी केलं असं नाही. पण मारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माझंच तोंड होतं.

आज मी एका संग्रहालयात काचेखाली आहे. मला जाळून टाकावं असं पुष्कळांचं मत होतं. इथल्या बाई म्हणाल्या, "जाळलं तर उद्या म्हणतील, असं काही नव्हतंच." म्हणून मी उरलो.

गेल्या महिन्यात एक चांगल्या कपड्यांतला गृहस्थ माझ्यापुढे थांबला. त्याने फोनवर माझा फोटो काढला, खाली काहीतरी लिहिलं, स्वतःशीच हसला आणि कुणाला तरी पाठवून दिला. ना शाई लागली, ना कागद.

मित्रांनो, माझी काच पुसा, माझी कीड काढा, असं मी सांगत नाही. लाकडाला हात नसतात. मला कोरायला, छापायला, पुढे धाडायला दर वेळी एक माणूस लागला, आणि तो बहुतेकदा साधाच, संसारी, तुमच्याआमच्यातला होता. तो माणूस तुम्ही होऊ नका.