कापडाखालचा अर्ज

मी एक जुना लाकडी ट्रे आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टोकाला 'की वेस्ट' नावाचे बेट आहे, तिथल्या नौदल तळावर एका सुताराने मला घडवले. तळावर एक पांढरा बंगला होता. राष्ट्राध्यक्ष हिवाळ्यात तिथे येत. नावाला सुट्टी, पण कागदांचे गठ्ठे काही त्यांची पाठ सोडत नसत. त्यांची कॉफी न्यायचा मान माझा. पाहुणे माझ्या चकाकीचे कौतुक करत. मला वाहणाऱ्या हातांकडे मात्र कुणी बघत नसे.

मित्रांनो, ते हात लुशियस बेलामीचे होते. इंजिनखात्याची परीक्षा तो पहिल्या नंबराने पास झाला होता. पण कातडी काळी, म्हणून नशिबी पांढरा कोट आणि कपबश्या. एका सकाळी त्याने माझ्यावरच्या कापडाखाली राष्ट्राध्यक्षांसाठी एक अर्ज सरकवला. आम्हा काळ्यांनाही इंजिनावर घ्या, एवढेच त्यात होते. ते पाहून म्हातारा आचारी टॉलिव्हर हादरला.

"अरे बाबा, वरिष्ठांना डावलून हे करतोस! सापडलास तर तुरुंगात सडशील. तुझ्या आईला कोण बघणार?"

"मग काय काका, जन्मभर चमचेच पुसत बसू?"

एवढे बोलून लुशियसने मला उचलले आणि राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत नेले. ते फिरायला गेले होते. मला टेबलावर ठेवून तो बाहेर पडला, तोच एक अधिकारी फायली घेऊन आला. जागा करताना त्याने कापड ओढले आणि अर्ज उघडा पडला. वाचून त्याने लुशियसला हाक मारली. मला पाय असते तर मी तिथून धूम ठोकली असती.

अधिकाऱ्याने दार लावले.

"हे तूच लिहिलंस ना?"

"हो, साहेब."

"खाली नाव नाही. निनावी कागद पुढे जात नाही." त्याने पेन माझ्यावर ठेवले.

ही मदत होती की सापळा? आम्हा दोघांनाही कळेना. भीतीपोटीच लुशियसने नाव गाळले होते. त्याने पेन उचलले. मग कागद माझ्या उघड्या लाकडावर टेकवून त्याने सही केली, इतकी दाबून की मला टोचली.

दुसऱ्या दिवशी मला उचलायला वेगळेच हात आले. लुशियसला कुठे नेले, हे टॉलिव्हरलाही कुणी सांगितले नाही. पुढे उन्हाळ्यात, सैन्यदलांत काळ्या-गोऱ्या सर्वांना समान वागणूक देण्याचा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला. त्यासाठी पुष्कळ जण झगडले होते. लुशियसचा अर्ज पुढे गेला की नाही, मला ठाऊक नाही.

आता मी संग्रहालयात, काचेच्या कपाटात असतो. पाटीवर राष्ट्राध्यक्षांचे नाव आहे. उद्या मला घासून नवे पॉलिश द्यायचे ठरले आहे, आणि मी घाबरलो आहे. मित्रांनो, माझ्या मधोमध काही बारीक ओरखडे आहेत. ते घासू देऊ नका. मला तिरप्या उजेडात धरा आणि वाचा. लुशियस बेलामी.